सव्वीस फूट जागा



आमचे नाव या मालेच्या पत्रिकेवर छापून आले, तेव्हा पहिले हसू आमच्याच युनियनच्या कचेरीत झाले. जो माणूस महाविद्यालयाची पायरी फक्त मोर्चाबरोबर चढला, तो विद्यापीठावर काय बोलणार, असे आमच्या सहकाऱ्यांना वाटले. त्यांचे चुकले असे आम्ही म्हणत नाही. आमचे शिक्षण दहावीला संपले. पुढे जे काही पदरात पडले ते पाळी सुटल्यावर, सार्वजनिक वाचनालयात, शब्दकोश शेजारी ठेवून. तेव्हा विद्यापीठाचा इतिहास विद्वानांसारखा सांगणे आमच्याच्याने होणार नाही. फाटकाबाहेर उभ्या राहणाऱ्या माणसाला तो जसा दिसतो, तसा सांगू. योग असा की ज्या वर्षाची हकीकत आज सांगावयाची आहे, ते सारे वर्ष फाटकाबाहेरच्या एका फरसबंदी तुकड्यावरूनच पेटले.

जागा अमेरिकेतली. सॅन फ्रान्सिस्को शहरासमोर, उपसागराच्या पलीकडच्या तीरावर बर्कले नावाचे गाव आहे. १८६८ साली स्थापन झालेल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाचे मुख्य आवार तिथे आहे. आपले जयप्रकाश नारायण १९२२ साली अमेरिकेत उतरले ते याच किनाऱ्यावर, आणि शिकू लागले तेही बर्कलेतच. फी वाढली, परवडेना, म्हणून ते आयोवाला गेले. पुढे हेच जयप्रकाश अखिल भारतीय रेल्वेमेन्स फेडरेशनचे अध्यक्ष झाले. बर्कलेशी आमचे नाते लावायचे तर एवढेच, रेल्वेच्या रुळावरून जाणारे.

या आवाराला दक्षिणेच्या अंगाला एक कमान आहे, सॅदर गेट. विद्यापीठाच्या आत राजकारणाचे भाषण करावयाचे नाही असा जुना दंडक होता, म्हणून ज्याला बोलायचे असेल तो कमानीबाहेरच्या टेलिग्राफ रस्त्यावर उभा राही. रस्ता नगरपालिकेचा, तिथे विद्यापीठाची सत्ता चालत नसे. १९५६ साली ॲडलाय स्टीव्हन्सन हे राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार, पण त्यांनाही विद्यार्थ्यांशी बोलायला आवाराबाहेर रस्त्यावरच उभे राहावे लागले.

आमच्या धंद्यात याला गेट मीटिंग म्हणतात. कारखान्याच्या भिंतीच्या आत मालक, रस्त्यावर नगरपालिका. आणि या दोहोंच्या मध्ये जी दहा-वीस फूट मोकळी जमीन राहते, ती आमची. पाळी सुटताना त्या जागी स्टुलावर उभे राहून पाच मिनिटे बोलता आले, तर युनियन जगते. न आले तर मरते. ही गोष्ट मालक आमच्यापेक्षा चांगली जाणतात. एका कारखान्याच्या बाहेर आम्ही पंधरा वर्षे गेट मीटिंग घेतली. एके दिवशी पाहतो तो त्या जागेला कुंपण. कंपनीने ती पट्टी नगरपालिकेकडून 'सुशोभीकरणासाठी' दत्तक घेतली होती. तिथे गुलाब लावले, कारंजे बसवले. कारंजे चार महिन्यांत बंद पडले, कुंपण आजही आहे.

बर्कलेत नेमके असेच घडले, मात्र अधिक मोठ्या प्रमाणावर. विद्यार्थ्यांची संख्या वाढत गेली, विद्यापीठाने दक्षिणेकडे हातपाय पसरले, आणि १९६० च्या सुमारास टेलिग्राफ रस्त्याचा कमानीलगतचा तुकडा आवारात घेतला. सॅदर गेट आता मधोमध आले. बोलणारी मंडळी आपली टेबले उचलून नव्या सरहद्दीवर, टेलिग्राफ आणि बँक्रॉफ्ट या रस्त्यांच्या कोपऱ्यावर आली. तिथे विटांच्या फरशीची सव्वीस फूट रुंदीची एक पट्टी होती. ती नगरपालिकेची, असे सर्वांनी धरून चालले होते. पुष्कळ अधिकाऱ्यांचाही तोच समज. विद्यापीठाच्या नियामक मंडळाने, म्हणजे रीजंट्सनी, १९५९ मध्ये ती नगरपालिकेच्या नावे करण्याचा ठरावही केला होता. कागद मात्र पुढे सरकला नाही. जमीन विद्यापीठाचीच राहिली, आणि ही बाब पाच वर्षे कोणाच्या ध्यानात आली नाही.

आता १९६४ चा उन्हाळा. त्या वर्षी बर्कलेतली काही मुले सुटीत दक्षिणेकडे मिसिसिपी राज्यात गेली होती. काळ्या लोकांची मतदार म्हणून नोंद करावी, त्यांच्या मुलांना शिकवावे, हे काम. त्याच जूनमध्ये तिथे तीन कार्यकर्त्यांचे खून झाले. या कामाला गेलेल्यांत मारिओ सावियो नावाचा तत्त्वज्ञानाचा एकवीस वर्षांचा विद्यार्थी होता. बाप सिसिलीहून आलेला, यंत्रावर पंचिंगचे काम करणारा कामगार. मुलगा हुशार, पण बोलताना अडखळायचा. त्याआधी मार्च महिन्यात सॅन फ्रान्सिस्कोच्या शेरटन पॅलेस हॉटेलात काळ्यांना बऱ्या नोकऱ्या देत नाहीत म्हणून मोठे धरणे झाले. त्यात अटक झालेल्यांतही तो होता. ही मुले कशासाठी टेबले मांडीत, हे यावरून कळावे. त्या पट्टीवर पत्रके वाटायची, वर्गणी गोळा करायची, आणि पुढच्या निदर्शनासाठी माणसे मिळवायची.

सप्टेंबरच्या १४ तारखेचे एक पत्र विद्यार्थी-संघटनांना आले. विद्यार्थ्यांच्या डीन कॅथरीन टाउल यांची त्यावर सही. ती पट्टी विद्यापीठाची आहे, सबब २१ सप्टेंबरपासून तिथे टेबले, वर्गणी, आणि राजकीय कामासाठी आवाहन बंद. कारण काय दिले? जाण्यायेण्यास अडथळा होतो! बंधूंनो, अडथळ्याचे हे कारण आम्ही इतक्या नोटिशीत वाचले आहे, की ते वाचून आम्हांला परदेश वाटलाच नाही. विद्यार्थ्यांचा तर्क निराळा होता. ओकलंड ट्रिब्यून या वृत्तपत्राविरुद्ध नोकऱ्यांतील भेदभावावरून निदर्शने चालू होती, मालक विल्यम नोलंड हे मोठे राजकारणी, तेव्हा दडपण तिकडून आले असले पाहिजे, असे ते म्हणत.

एक गोष्ट इथे नमूद केली पाहिजे. हुकूम निघताच जे एकत्र आले, त्यांत डावे होते तसे रिपब्लिकन पक्षाचे, गोल्डवॉटर यांचे प्रचारक विद्यार्थीही होते. टेबल सर्वांचेच उचलले होते ना! मालकाने सगळ्यांचा बोनस एकदम कापला की चार झेंड्यांच्या चार युनियन एका रात्रीत एका मांडवात येतात, तसे हे झाले. अशी एकी किती दिवस टिकते, तेही आम्हांला ठाऊक आहे.

३० सप्टेंबरला मुलांनी हुकूम मोडून टेबले मांडली. पाच जणांची नावे लिहून घेतली गेली. त्यावर चारशेहून अधिक मुले 'आम्हीही हेच केले, आमचीही नावे लिहा' असे सही करून देत कार्यालयाच्या इमारतीत, स्प्राउल हॉलमध्ये, जाऊन बसली. मध्यरात्रीच्या सुमारास आठ जण निलंबित झाल्याचे जाहीर झाले. पाच नावे टिपलेले आणि तीन पुढारी, त्यांत सावियो. सर्वांनी गुन्हा कबूल करायचा आणि शिक्षा निवडक लोकांना करायची, हेही आमच्या ओळखीचे.

दुसऱ्या दिवशीची, १ ऑक्टोबरची, हकीकत जगभर गेली. जॅक वाइनबर्ग हा गणिताचा माजी विद्यार्थी 'कोअर' या वर्णसमतेसाठी झगडणाऱ्या संघटनेच्या टेबलावर बसला होता. दुपारच्या सुमारास पोलिसांनी त्याला धरले आणि चौकातच आणून उभ्या केलेल्या मोटारीत बसवले. कोणीतरी ओरडले, खाली बसा. मुले मोटारीच्या पुढे बसली, मागे बसली. शेकडो, मग हजारो. मोटार जागची हलेना. बत्तीस तास ती मोटार, तो कैदी आणि तो जमाव तिथेच होते. गांधीजींचे नाव या मंडळींनी मार्टिन ल्यूथर किंग यांच्याकडून ऐकले होते, आणि दक्षिणेत जाऊन ते पाठही केले होते.

मोटारीचे छप्पर हेच व्यासपीठ झाले. बोलायला चढणारा माणूस आधी पायातले बूट काढी, पत्र्याला पोचे पडू नयेत म्हणून. सावियोही बूट काढून चढला, आणि असे सांगतात, की त्या छपरावर तो अडखळला नाही. पोचे पडलेच, मुलांनी नुकसानभरपाईसाठी वर्गणी काढली. रात्री चळवळीविरुद्ध असलेल्या मुलांची एक टोळी आली. अंडी फेकली, पेटत्या सिगारेटी फेकल्या. एक कॅथलिक धर्मोपदेशक छपरावर चढला आणि शांत राहा म्हणाला, म्हणून मारामारी टळली. बूट काढण्याची ती गोष्ट आम्हांला फार आवडते. आमच्या पहिल्या संपात आम्ही मालकाच्या मोटारीवर नुसते चढलो नव्हतो, नाचलो होतो. त्याची किंमत पुढे खटल्यात मोजली.

२ तारखेच्या संध्याकाळी साडेचारशे-पाचशे पोलीस येऊन उभे राहिले. दुसऱ्या दिवशी पालकदिन, आईबाप आवार पाहायला येणार. तेव्हा विद्यापीठाच्या अध्यक्षांनी पुढाऱ्यांना बोलणीसाठी बोलावले.

या अध्यक्षांविषयी थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण आमच्या दृष्टीने या नाटकातले सर्वांत मोठे पात्र तेच. नाव क्लार्क कर. आडनावावरून कोकणातले गृहस्थ वाटतील, पण ते पेनसिल्व्हेनियाच्या शेतकऱ्याचे चिरंजीव. त्यांचा विषय कोणता? मालक-मजूर संबंध! बेकारांच्या सहकारी संस्थांवर त्यांनी प्रबंध लिहिला, बर्कलेतली औद्योगिक संबंधांची संस्था चालवली, पश्चिम किनाऱ्यावरच्या कितीतरी तंट्यांत लवाद म्हणून निवाडे दिले. १९४९-५० साली आपण कम्युनिस्ट नाही अशी शपथ घेण्याची सक्ती या विद्यापीठाच्या अध्यापकांवर झाली, आणि न घेणाऱ्या एकतीस जणांना काढले. तेव्हा त्यांची बाजू घेणाऱ्यांत कर होते. आवारात कम्युनिस्ट वक्त्यांवर असलेली बंदीही १९६३ मध्ये त्यांच्याच कारकिर्दीत उठली. म्हणजे हा माणूस जुलमी नव्हता. उलट, समोर असावा असे कोणाही युनियनवाल्याला वाटेल असा होता.

परंतु त्याच १९६३ मध्ये त्यांचे 'द यूजेस ऑफ द युनिव्हर्सिटी' हे पुस्तक आले. ज्ञान हा आता देशातला एक प्रमुख उद्योग झाला आहे आणि विद्यापीठ त्याच्या केंद्रस्थानी आहे, असा त्यातला विचार. कर यांनी ते वर्णन म्हणून लिहिले होते. ते कौतुकाने वाचावे की काळजीने, हे त्यांनी वाचणाऱ्यावर सोडले. पण साडेसत्तावीस हजार विद्यार्थ्यांनी ते स्वतःवर लावून पाहिले. उद्योग म्हणता, तर आम्ही त्यात कोण? कामगार, की कच्चा माल? त्या वेळी नावनोंदणीला भोके पाडलेली यंत्राची कार्डे वापरीत. 'दुमडू नये, टोचू नये, फाडू नये' असे त्यावर छापलेले असे. ती कार्डे मुलांनी छातीवर लावली. आमच्या मते त्या वर्षातली सर्वांत बोलकी घोषणा हीच, आणि ती कोणाला सुचवावी लागली नाही.

तर कर आणि विद्यार्थी-पुढारी यांचा करार झाला. सहा कलमांचा. विद्यार्थ्यांनी बेकायदा निदर्शने थांबवावीत, वाइनबर्गला ठाण्यावर नोंद करून सोडावे आणि विद्यापीठाने फिर्याद चालवू नये, नियमांचा विचार करण्यासाठी विद्यार्थी, अध्यापक आणि अधिकारी यांची समिती नेमावी, ती पट्टी नगरपालिकेला देण्यास अध्यक्षांची अनुकूलता, असे सारे. आणि एक कलम निलंबित आठ जणांविषयीचे. त्यांचे प्रकरण अकॅडेमिक सेनेटच्या, म्हणजे अध्यापकांच्या सभेच्या, विद्यार्थी-वर्तन समितीकडे सोपवावे. साडेसातच्या सुमारास सह्या झाल्या, मोटारीवरून करार वाचून दाखवला, आणि लोक उठून घरी गेले.

अकॅडेमिक सेनेटची अशी समितीच अस्तित्वात नव्हती! त्या नावाची जी समिती होती ती आवाराच्या चॅन्सेलरांनी नेमलेली. म्हणजे ज्यांनी निलंबित केले, त्यांचीच.

हे वाचले त्या रात्री आम्हांला झोप आली नाही. कारण सांगतो. कारखान्याचे नाव घेत नाही. तो कारखाना आता राहिलाही नाही. एक्केचाळीस दिवसांच्या संपानंतर आम्ही समझोत्यावर सही केली. पगारवाढ मिळाली, कपडे मिळाले, कॅन्टीन सुधारले. अकरा जण संपात निलंबित झाले होते. त्यांचे कलम शेवटचे, रात्री दोन वाजता आले. 'व्यवस्थापन त्यांच्या प्रकरणांचा सहानुभूतिपूर्वक विचार करील.' कोण करील, कधीपर्यंत करील, न केले तर काय, यांतले एकही अक्षर नव्हते. आम्ही थकलो होतो. बाहेर दीड हजार माणसे गुलाल घेऊन उभी होती. आम्ही सही केली. अकरांतले चार कामावर गेले. सात गेले नाहीत. त्यांतला एक रंगखात्यातला गडी पुढे भाजीची गाडी लावू लागला. आम्ही भाजी घ्यायला गेलो तर तो वजनाला एक मिरचीही कमी घालीत नाही, आणि त्या सहीचा शब्द आजवर काढलेला नाही. 'या भाऊ,' म्हणतो. शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते.

तेव्हा बर्कलेच्या मुलांकडून जी चूक वीस-बावीस वर्षांच्या वयात, पोलीस दारात उभे असताना झाली, तीच आमच्याकडून वीस वर्षांच्या अनुभवानंतर झाली. फरक एवढाच की त्यांनी ती सोडून दिली नाही. 'फ्री स्पीच मूव्हमेंट' असे नाव घेऊन त्यांनी पुढच्या दोनच दिवसांत संघटना उभी केली, आणि पहिली गोष्ट कोणती हाती धरली असेल तर ही नसलेली समिती. कर स्वतः मुरलेले लवाद. कलमाचे वजन त्यांना कळत नव्हते असे म्हणवत नाही. घाईने झाले असेल. पण मुलांनी इतके रेटले, की अध्यापकांच्या सभेने खरोखरीच नवी समिती नेमली. तिने नोव्हेंबरात अहवाल दिला, अधिकाऱ्यांच्या वागण्यावर ठपका ठेवला, आणि सहा जणांच्या नोंदीतून निलंबन पुसून टाकावे असे सुचवले. नियामक मंडळाने आठही जणांना परत घेतले, पण निलंबनाची नोंद कायम ठेवली. सावियो आणि आर्ट गोल्डबर्ग यांना वर ताकीद. नोकरीच्या पुस्तकातली लाल शाईची ओळ काय असते, हे इथे बसलेल्या कामगारांना सांगायला नको.

या मधल्या काळात वर्तमानपत्रांनी कर यांच्या तोंडी असे घातले, की चळवळीतले निम्मे लोक कॅस्ट्रो-माओचे चेले आहेत. आपण तसे म्हटले नाही, असे कर सांगत राहिले. असो. 'बाहेरच्यांची फूस' हा मंत्र ज्याच्या तोंडी बसत नाही, त्याच्याही तोंडी तो बसवला जातो.

नोव्हेंबरअखेर चळवळ जवळजवळ संपली होती, हे पुष्कळ लोक विसरतात. २० नोव्हेंबरला नियामक मंडळाची बैठक बर्कलेत भरली, हजारो मुलांचा मोर्चा गेला, गायिका जोन बाएझ आल्या. मंडळाने बरेच दिले: कायदेशीर कामासाठी वर्गणी, सभासद-नोंदणी, सारे चालेल. फक्त बाहेर बेकायदा ठरणाऱ्या कृत्यासाठी आवाराच्या आत आवाहन केले, तर शिक्षा. मिसिसिपीत काळ्या माणसाने गोऱ्यांच्या खाणावळीत बसणे बेकायदा धरीत, हे लक्षात घेतले म्हणजे या 'फक्त'ची खोली समजेल. पण सर्वसाधारण विद्यार्थ्याला ते पुरेसे वाटले. २३ तारखेला धरणे धरावे की नाही यावर पुढाऱ्यांतच फूट पडली. थोडे लोक बसले आणि संध्याकाळी उठून गेले. परीक्षा जवळ आल्या होत्या. आणखी दोन आठवडे अधिकारी गप्प बसले असते, तर आम्ही आज हे व्याख्यान देत नसतो.

ते गप्प बसले नाहीत. सुटीच्या दिवसांत, २८ नोव्हेंबरच्या सुमारास, सावियो आणि आणखी काही पुढाऱ्यांना पत्रे गेली. ऑक्टोबरात मोटार अडवल्याबद्दल आता नवी कारवाई! दोन महिन्यांपूर्वीच्या, करार होऊन मिटलेल्या गोष्टीबद्दल. जिंकलेल्या मालकाला शेवटी एक चापट मारल्यावाचून राहवत नाही, आणि आमच्यासारख्या कितीतरी युनियन त्या चापटीवर जगल्या आहेत.

२ डिसेंबरला स्प्राउल हॉलच्या पायऱ्यांवरून सावियो बोलला. ते भाषण पुढे जगाने ऐकले. आम्ही त्याचा आशय तेवढा सांगतो. विद्यापीठ जर कारखाना असेल, त्याचे नियामक जर संचालक असतील आणि अध्यक्ष व्यवस्थापक, तर अध्यापक हे नोकर आणि आम्ही कच्चा माल ठरतो; पण आम्ही माणसे आहोत; आणि यंत्र असह्य झाले की आपले शरीर त्याच्या चाकांत घालून ते थांबवावे लागते. यंत्रावर उभ्या राहणाऱ्या कामगाराचा तो मुलगा. उपमा त्याने पुस्तकातून आणली की घरातून, हा प्रश्न आम्हांला नेहमी पडतो. आम्ही यंत्रात गेलेले हात पाहिले आहेत, म्हणून ती उपमा आम्ही स्वतः कधी वापरली नसती. पण ऐकणाऱ्यांत ज्यांनी कारखाना पाहिला नव्हता, त्यांना ती भिडली.

हजार-दीड हजार मुले आत जाऊन बसली. कोणी अभ्यास करीत होते, कोणी वर्ग चालवले. मध्यरात्रीनंतर राज्यपाल ब्राउन यांनी पोलीस पाठवले. मुलांनी अंग सैल सोडले. एकेकाला पायऱ्यांवरून ओढीत खाली आणावे लागले. हे काम बारा तास चालले. सुमारे आठशे अटका. आणि आता प्रथमच खरा संप झाला. शिकवणीचे पुष्कळसे काम करणारे जे पदवीधर सहायक, त्यांनी वर्ग बंद ठेवले. त्याच सुमारास त्यांनी आपली युनियनही काढली. हा भाग इतिहासाची पुस्तके दोन ओळींत उरकतात. वास्तविक विद्यापीठ थांबले ते भाषणाने नव्हे, या सहायकांनी काम ठेवल्यामुळे, असे आमचे मत आहे. आमच्या धंद्याचा तो पूर्वग्रह म्हणा हवे तर.

७ डिसेंबरला कर यांनी आवाराच्या ग्रीक थिएटरात सर्वांना बोलावले. सोळा हजारांच्या आसपास माणसे. विभागप्रमुखांशी मिळून त्यांनी तोडगा आणला होता, आणि तो वाईट नव्हता; जुन्या प्रकरणांत विद्यापीठ शिक्षा करणार नाही, एवढे त्यात होते. सभा संपली असे जाहीर झाले तोच सावियो एकटा चालत व्यासपीठावर आला. पोलिसांनी सोळा हजारांदेखत त्याला धरून पडद्यामागे फरफटत नेले. भाषण-स्वातंत्र्याचा तंटा, आणि ध्वनिक्षेपकाकडे निघालेल्या मुलाच्या गळ्यावर हात! तोडगा तिथेच मेला. न बोलावता व्यासपीठावर जाणे ही शिस्त नव्हे, आमच्या सभेत कोणी असे केले तर आम्हीही स्वयंसेवकांना खूण करू. पण धरू नका, बोलू द्या, असे म्हणण्याची समयसूचकता त्या दिवशी एकाही अधिकाऱ्याला झाली नाही. झाली ती दोन मिनिटे उशिरा. मग त्याला बोलू दिले. त्याने पुढच्या सभेची सूचना सांगितली आणि उतरला.

दुसऱ्या दिवशी अध्यापकांची सभा भरली. आवारातल्या भाषणावर त्यातील मजकुराच्या कारणाने बंधन नसावे; वेळ, जागा आणि पद्धत यांचेच काय ते वाजवी नियम असावेत. ठरावाच्या बाजूने ८२४, विरुद्ध ११५. बाहेर हजारो मुले कर्ण्यांवरून ऐकत उभी होती. प्राध्यापक बाहेर आले तेव्हा मुलांनी दुतर्फा वाट करून टाळ्या वाजवल्या, आणि काही प्राध्यापकांचे डोळे भरून आले. चॅन्सेलर बदलले. ४ जानेवारी १९६५ ला स्प्राउल हॉलच्या त्याच पायऱ्यांवर पहिली रीतसर सभा झाली, टेबले मांडली गेली, ती पट्टीच्याही पुष्कळ आत.

पुढचे थोडक्यात. अटक झालेल्यांवर खटले झाले. सावियोला १२० दिवसांची कैद. १९६६ मध्ये रोनाल्ड रेगन 'बर्कलेतला गोंधळ निपटतो' म्हणत राज्यपाल झाले आणि जानेवारी १९६७ मध्ये नियामक मंडळाने कर यांना घालवले. म्हणजे मुलांना ते फार कडक वाटले, आणि मंडळाला फार नरम. आलो तसाच निघालो, अशा अर्थाची कोटी करून ते गेले. मधे उभ्या राहणाऱ्या माणसाचे असे होते. आम्हांला त्यांच्याविषयी राग राहिलेला नाही. वाइनबर्गच्या एका वाक्याचा मात्र आमच्या घरी त्रास आहे. तिशीच्या वरच्या कोणावर विश्वास ठेवू नये, असे तो एका वार्ताहराला म्हणून गेला होता. आमच्या मुलीने ते कुठूनसे ऐकले आहे.

सावियोने पुढारीपण सोडले. पुष्कळ वर्षांनी भौतिकशास्त्राची पदवी घेतली आणि सोनोमा स्टेट या लहानशा विद्यापीठात शिकवू लागला. १९९६ च्या शरदात तिथे फीवाढीचा प्रस्ताव आला, आणि त्रेपन्न वर्षांचा हा शिक्षक विद्यार्थ्यांच्या बाजूने विरोधाला उभा राहिला. त्याच नोव्हेंबरात हृदयविकाराने तो गेला. पुढच्या वर्षी बर्कलेने त्या पायऱ्यांना त्याचे नाव दिले. आवारातल्या ग्रंथालयात त्या चळवळीच्या नावाचे एक उपाहारगृहही निघाले आहे. नोंदीतली ओळ पुसायला तयार नसलेल्या संस्था पुढे कॉफीला नाव देतात!

नोव्हेंबर २०२२ मध्ये त्याच विद्यापीठाच्या दहा आवारांतील अठ्ठेचाळीस हजार सहायकांनी आणि संशोधकांनी पगारासाठी संप केला. त्यांची युनियन कोणती? मोटार-कामगारांची, युनायटेड ऑटो वर्कर्स. डिसेंबरअखेर करार झाला. तो आम्ही मिळवला आहे. इंग्रजी कठीण आहे, शब्दकोश पुन्हा काढावा लागला. पगाराची कलमे आम्ही अजून वाचलेली नाहीत. संपात कारवाई झालेल्यांचे काय, ते कलम आधी शोधतो आहोत.

अध्यक्षांनी दोनदा घड्याळाकडे पाहिले आहे.